हाडाची जवारी

शमशादला फक्त बसायचं होतं. मांडी घालून, जमिनीवर, आपल्या रोजच्या चटईवर. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस किती झुरतं हे तिला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही एका भोपळ्यापायी.

झालं असं. साल दोन हजार त्रेचाळीस, फेब्रुवारीचे दिवस. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत तिचं घर, खाली कारखाना, वर माळा, आणि माळ्यावर आढ्याला टांगलेले वाळके भोपळे. त्यातला एक चांगला गोल, भरल्या पोटाचा भोपळा काढून ती उतरत होती आणि शिडी सरकली. कठड्याला हात घातला असता तर बाई वाचली असती. पण दोन्ही हातांत भोपळा होता, आणि या घरात भोपळा सोडायचाही असतो हे कुणी कधी शिकवलेलंच नव्हतं. भोपळा छातीशी धरून ती फरशीवर आदळली. भोपळ्यावर ओरखडा नाही, आणि हिच्या कमरेचा शेवटचा मणका फुटला.

त्याहून वाईट पुढचं. तिचे वडील, मौलासाब, दहा फुटांवर पाठमोरे बसले होते, तंबोऱ्याची घोडी घासत. शमशाद "अब्बा, अब्बा" म्हणून हाका मारत होती आणि म्हातारा खाली मान घालून कानस चालवत होता. पाव तासानं भावजय रेहाना भाजी घेऊन आली तेव्हा तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

मौलासाबांचं वय एकोणऐंशी. दोन वर्षांपासून त्यांना ऐकू येत नव्हतं. कानातलं यंत्र आणून दिलं होतं, ते त्यांनी चार दिवसांत खुंटीला अडकवलं. सांगायचे, "हे यंत्र जवारी पुसून टाकतंय." त्यात तथ्य होतं. तंबोऱ्याची तार घोडीवर टेकते तिथं कानशीनं केसभर उतार द्यायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, आणि धागा नेमक्या जागी आला की नुसती वाजणारी तार गुंजायला लागते, तिच्या पोटातले बारीक सूर एकेक करून बाहेर पडतात. ती जवारी. यंत्राला ती खरखर वाटायची आणि ते बिचारं इमानानं ती खरखर काढून टाकायचं.

तेव्हा दोन वर्षं हे चाललं होतं: मौलासाब हाताच्या अंदाजानं जवारी लावायचे, आणि ते जेवायला गेले की शमशाद गुपचूप तोच तंबोरा घेऊन पुन्हा लावायची. म्हाताऱ्याचं मन मोडायला नको. पण त्या दिवशी फरशीवर पडल्या पडल्या तिचं मन एकदाचं ठरलं, की या कानांवर आता कशाचाच भरवसा ठेवायचा नाही.

शस्त्रक्रिया मिरजेतच झाली. गावात दवाखान्यांना काय तोटा. डॉ. केतकी मगदूम नावाची पस्तिशीतली बाई होती, बोलायला गोड आणि हात पक्का. तिनं फुटका मणका आणि त्याच्याखालचं त्रिकोणी हाड चार स्क्रूंनी बांधलं आणि मधल्या जागेत एक सच्छिद्र तुकडा बसवला. त्या भोकांतून नवं हाड वाढायचं आणि दोन्ही हाडं एक व्हायची. आणि मग आला पिंजरा.

कंपनीनं त्याला मोठं संस्कृत नाव दिलं होतं, पण वॉर्डात सगळे पिंजराच म्हणायचे. छातीच्या खालून कमरेपर्यंत अंगाबरहुकूम छापलेली जाळी, आणि तिथून उजव्या मांडीवर गुडघ्याच्या वर चार बोटांपर्यंत उतरलेली पट्टी. खुब्यापाशी बिजागरी, आणि बिजागरीला कुलूप.

"कंबर मोडली तर मांडी कशाला बांधताय?" शमशादनं विचारलं होतं.

"मांडी वर उचलली की ओटीपोटाचं हाड कलतं," डॉक्टर म्हणाली, "आणि ते कललं की शेवटचा मणका ओढला जातो. बसताना तर सगळ्यात जास्त. एक मांडी धरून ठेवली की खालचा सगळा सांगाडा जागच्या जागी राहतो."

"म्हणजे मी बसायचं नाही."

"उभं राहायचं, चालायचं, आडवं व्हायचं. उंच स्टुलाला टेकायचं, उजवा पाय पुढं सोडून. बसायचं मात्र नाही. नऊ आठवडे."

"किल्ली कुणाकडं?"

"कुणाकडंच नाही," डॉक्टर हसली. "पिंजरा स्वतः ठरवणार."

ते कसं, तेही तिनं समजावलं, आणि शमशाद तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. हाड म्हणजे चुना नव्हे, ती जिवंत वस्तू आहे. त्यावर भार पडून ते केसभर वाकलं की त्यात इवलीशी वीज उठते, आणि जिथं वीज उठते तिथं शरीर नवं हाड रचतं. पिंजऱ्याच्या जाळीत मोहरीएवढ्या हजारो गुंड्या होत्या. दिवसातून तीनदा, एकेक मिनिट, त्या हाडाला बारीक थरथर द्यायच्या. त्या थरथरीनं हाडाला वाढायला चालना मिळायची. आणि परत येणारी थरथर त्याच गुंड्या ऐकायच्या. हाड सुटं असलं तर थरथर विरते, सांधलं की घट्ट होऊन वरच्या सुरात परत येते. दवाखान्यातलं यंत्र तो सूर हजारो रोग्यांच्या सुरांशी ताडून बघायचं आणि शंभरातले किती हे सांगायचं. पंच्याण्णवच्या पुढं गेलं की कुलूप उघडायचं. पूर्वी याच कामाला पाच-सहा महिने लागायचे.

"म्हणजे तुम्ही माझं हाड वाजवून बघताय," शमशाद म्हणाली. "आम्ही भोपळा वाजवून बघतो तसं."

"तसंच म्हणा," डॉक्टर म्हणाली आणि पुढच्या रोग्याकडं गेली.

आता पिंजऱ्यातला संसार. कौतुक करावं तर रेहानाचं करावं. सकाळी उठायचं म्हणजे आधी ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं, मग पाय खाली सोडायचे आणि हातावर जोर देऊन उभं राहायचं. मध्ये कुठंही पीळ पडायला नको. पिंजऱ्याखाली सुती बनियन, तीही उलटी, कारण शिवण टोचते, आणि एक सुरकुती राहिली तरी संध्याकाळी तिथं लाल वळ. आंघोळ नाही, ओल्या पंच्यानं पुसून घ्यायचं. खाज सुटली तर सुटली. विणायची सुई आत घालू नकोस म्हणून डॉक्टरनं दम दिला होता. कमोडवर उंच बैठक लावलेली, तिच्या कडेला टेकायचं आणि उजवा पाय सरळ पुढं, दार उघडं राहिलं तरी चालेल. सलवारीची उजवी बाजू रेहानानं उसवून तिला बंद लावून दिले. नमाज उभ्यानं, इशाऱ्यानं. शिंक आली की भिंतीला हात. खाली पडलेली वस्तू लांब चिमट्यानं उचलायची, आणि चिमटाच पडला तर रेहानाला हाक मारायची.

"आपा, तुम्ही घोड्यासारख्या झालाय," रेहाना म्हणायची. "उभ्यानं खाताय, उभ्यानं डुलक्या काढताय."

"घोडा तरी पळतो गं."

जेवण फळीवर ताट ठेवून. खाली चटईवर अब्बा मांडी घालून जेवायला बसले की शमशाद वरून त्यांच्या टोपीकडं बघत घास घ्यायची. तिची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. जवारी उभ्यानं लावता येत नाही. तंबोरा मांडीपुढं आडवा हवा, भोपळा पावलाला टेकलेला हवा, पाठीचा कणा त्यावर झुकलेला हवा. आणि जवारी लावता येत नाही म्हटल्यावर ती नुसती खाऊन-पिऊन सुखी राहणारी बाई नव्हती. वर भीती होतीच. तिच्यासारख्याच एका बाईचं हाड सांधलंच नव्हतं, दुसऱ्यांदा उघडावं लागलं आणि पायाचं पाऊल कायमचं लोंबतं राहिलं, हे वॉर्डात कुणीतरी सांगितलं होतं. तिला ते रोज आठवायचं.

आणि मग तिला ऐकू यायला लागलं.

पाचव्या-सहाव्या दिवसाची गोष्ट. सकाळची थरथर सुरू झाली तेव्हा ती पडून होती, दातांवर दात ठेवून, डोळे मिटून. आतून, कमरेतून कणा चढत कवटीत काहीतरी येऊन पोचलं. अगदी बारीक, ओल्या डग्ग्यासारखं, सूर म्हणावा असंही नव्हे. दुसऱ्या दिवशी ती लक्ष देऊन ऐकत राहिली. दहाव्या दिवशी त्याला सूर आला. तिनं रेहानाला फळीवर एक तंबोरा उभा करायला लावला आणि खुंटी पिळत पिळत तार त्या सुराला आणली. पांढरी दोन. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर तिच्या हाडाचा सूर पांढरी दोन होता.

अंगावर काटा म्हणतात तो असा असतो. आयुष्यभर तिनं लाकडाचे आणि भोपळ्यांचे सूर ऐकले होते. आपण स्वतः आतून वाजतोय, आणि रोज किंचित चढतोय, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती रोज तार मिळवून बघायची. विसाव्या दिवशी काळी दोन. एकतिसाव्या दिवशी पांढरी चारला स्पर्श. नुसतं पडल्या पडल्या, भाकरी खाऊन आणि दूध पिऊन, आपल्या अंगात एक तार कुणीतरी चढवत नेतंय असं वाटून तिला एकदा रडू आलं. रेहाना घाबरली. "दुखतंय का?" "नाही गं. गातंय." रेहानानं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दवाखान्याच्या आकड्याचं आणि तिच्या सुराचं तंतोतंत जमत होतं. डॉक्टरला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काही रोग्यांना हलकी गुणगुण जाणवते म्हणतात. सूर ओळखणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

चव्वेचाळिसाव्या दिवशी सुरात भर पडली. नुसत्या सुराभोवती एक गुंजन आलं, बारीक, झणझणीत. शमशाद खुशीनं वेडी व्हायची बाकी राहिली.

"रेहाना, जवारी उघडली बघ. हाडाला जवारी आली."

या आनंदात ती एकोणीस दिवस होती. तिच्या धंद्यात वस्तू गुंजायला लागली की ती तयार झाली. हाडाचंही तसंच असणार, यात तिला शंका घ्यावीशीच वाटली नाही. आकडा शहाण्णव झाला. दवाखान्यातून निरोप आला: त्रेसष्टाव्या दिवशी दुपारी चार वाजता या, कुलूप उघडेल. तिनं चटई उन्हात टाकायला सांगितली.

बासष्टाव्या दिवशी दुपारी मांडीच्या पट्टीच्या कडेला बनियनचा एक दोरा लोंबत होता, बिजागरीत अडकेल असा. कात्री सापडेना. मौलासाब खाली बसलेलेच होते. जवारीचा धागा ते साठ वर्षं दातांनीच तोडत आलेले. ते वाकले आणि दोरा दातांत धरला. दात पट्टीला टेकले. आणि नेमकी तेव्हाच दुपारची थरथर सुरू झाली.

मौलासाब तसेच राहिले.

"अब्बा, तुटला का?" शमशाद म्हणाली. ऐकू येत नाही म्हणून तिनं त्यांच्या टोपीवर बोट वाजवलं. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. पट्टी दातांत, डोळे मिटलेले, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळत दाढीत उतरत होतं. मिनिटभरानं थरथर थांबली. त्यांनी तोंड काढलं.

"कोण वाजत होतं?" त्यांनी विचारलं.

शमशादनं स्वतःकडं बोट दाखवलं. मग त्यांच्याशी बोलायच्या पाटीवर लिहून सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा वाचलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचलं होतं, आणि ते त्यांच्या मुलीच्या हाडातून आलं होतं. ते बराच वेळ तिच्या कमरेकडं बघत बसले.

संध्याकाळच्या थरथरीला ते तयार होऊन बसले. ती उताणी पडलेली होती; आधी मांडीची पट्टी, मग कमरेच्या जाळीची उजवी कड, मग डावी. डावीकडं थांबले. थरथर संपल्यावर त्यांनी खिशातला खडू काढला. या गल्लीत भोपळा आला की म्हाताऱ्या कारागिराकडं आधी जातो. तो बोटानं वाजवतो, आणि आत चीर असली तर खडूची फुली मारून बाजूला ठेवतो. फुली पडलेला भोपळा कुणी कापत नाही, कितीही देखणा असला तरी. मौलासाबांनी पिंजऱ्याच्या डाव्या अंगाला, कमरेच्या खाली, फुली मारली.

"टिचलंय," ते म्हणाले.

शमशादच्या डोक्यात सणक गेली. "जवारी आहे ती," ती म्हणाली, मग भान येऊन पाटीवर लिहिलं.

"जवारी नव्हे. चीर आहे."

"यंत्र शहाण्णव म्हणतंय."

"यंत्राला सूर कळतोय. सुराच्या मागं काय आहे ते कळत नाही."

मग तिनं जे लिहिलं ते लिहायला नको होतं. लिहिलं, की मी दहा फुटांवर पडून ओरडत होते तेव्हा कुठं होते हे कान. म्हाताऱ्यानं वाचलं. पाटी खाली ठेवली आणि पंच्यानं पुसली, जरा जास्तच वेळ.

"ते खरं आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी मला ऐकू आलं नाही. आज आलं. उद्या सकाळी तूच ऐक. गुंजन कधी मरतं ते बघ. जवारी सुराच्या नंतर मरते. सूर गेला तरी ती मागं रेंगाळते. चिरेची खरखर सुराच्या आधी मरते. एवढंच बघ, आणि मग काय करायचं ते कर."

सकाळी ती दात मिटून पडली. थरथर आली, चढली, गुंजली. तिनं शेवटाकडं कान लावला. गुंजन गेलं. मग सूर एकटा, उघडा, दोन श्वासांएवढा राहिला, आणि मग तोही गेला.

एकोणीस दिवस तिनं सुरुवातच ऐकली होती. शेवट ऐकलाच नव्हता, कारण शेवट ऐकायची तिला इच्छाच नव्हती. स्वतःचंच हाड कानाशी होतं आणि तिनं गिऱ्हाइकाच्या कानानं ऐकलं होतं. अंगणात उन्हात तिची चटई पसरलेली दिसत होती. काही न बोलता चार वाजेपर्यंत थांबावं, कुलूप उघडून घ्यावं, एकदाच, फक्त एकदा मांडी घालून बसावं, असं तिला इतकं वाटलं की तिनं पलंगाची कड घट्ट धरली.

दवाखान्यात गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होऊन ती पोचली, सोबत मौलासाब आणि रेहाना. डॉ. मगदूमनं पडद्यावर आकडा दाखवला, सत्त्याण्णव. बिजागरीवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला होता.

"उघडू नका," शमशाद म्हणाली.

डॉक्टरला वाटलं ती भ्यायली. "नऊ आठवड्यांनी सगळ्यांनाच भीती वाटते हो."

"भीती नाही. मला बसायचंय. तुम्हाला कल्पना नाही मला किती बसायचंय. पण डावीकडं हाड टिचलेलं आहे. तिथं फुली आहे बघा."

"ही फुली कुणी मारली?"

"माझ्या वडिलांनी."

"कशावरून?"

"ऐकून."

डॉक्टरनं मौलासाबांकडं बघितलं. फाईलमध्ये पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, वडील बहिरे, पडल्याचं त्यांना कळलं नाही. तिला हसू आलं असतं तर त्यात तिचा दोष नव्हता. पण ती हसली नाही. शमशादनं सुराच्या आधी आणि नंतर मरणाऱ्या गुंजनाचं सांगितलं, तेव्हा डॉक्टर टेबलाशी उभी राहून पेननं टकटक करत राहिली. मग पेन थांबलं.

"स्क्रू," ती स्वतःशीच म्हणाली. "डावीकडचा स्क्रू." तिनं तो हिरवा दिवा बंद केला आणि तपासणीच्या खोलीत फोन लावला.

तासाभरानं चित्र पडद्यावर आलं. उजवीकडं हाड भरून आलेलं, पांढरंशुभ्र. डावीकडं, खडूच्या फुलीच्या बरोबर खाली, स्क्रूच्या सावलीत, केसाएवढी काळी रेघ. धातूचा स्क्रू दोन्ही हाडांना घट्ट धरून होता, आणि यंत्रानं त्या धातूचा घट्टपणा हाडाच्या नावावर जमा केला होता. यंत्र फक्त मुख्य सूर मोजत होतं. भोवतालचं गुंजन ते खरखर समजून आधीच पुसून टाकत होतं.

मौलासाबांच्या त्या कानातल्या यंत्रासारखंच. हे शमशादच्या लक्षात आलं आणि ती वडिलांकडं बघायला लागली, पण ते त्या काळ्या रेघेकडं बघत होते.

"आज मांडी घालून बसला असता," डॉक्टर हळू म्हणाली, "तर हा स्क्रू उपटला असता. त्याच्या शेजारून पायाची नस जाते." मग मौलासाबांसमोर उभी राहून, त्यांना ओठ दिसतील असं म्हणाली, "बाबा, तुम्ही हे दातांनी ऐकलंत?"

त्यांच्या कानांचीही मग तपासणी झाली. कानाच्या पडद्यामागं तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं, ते जाम झालेलं होतं. हवेतून येणारा आवाज तिथं अडत होता. पण आतली नस धडधाकट होती, आणि कवटीच्या हाडातून आलेला आवाज ते कणीएवढं हाड टाळून सरळ तिथं पोचत होता. दोन वर्षं म्हातारा बहिरा नव्हताच. त्याचं फक्त दार लागलेलं होतं.

पिंजऱ्याच्या गुंड्यांचा मोर्चा डावीकडच्या चिरेवर वळवला गेला आणि शमशादला आणखी पाच आठवडे लागले. उभ्यानं खाणं, उलटी बनियन, चिमटा, सगळं पुन्हा. पण आता रोज तिन्ही वेळा म्हातारा तिच्या पलंगाशी यायचा आणि पिंजऱ्याची कड दातांत धरायचा. बाप-लेक एकच सूर ऐकत पडायचे, ती आतून आणि ते बाहेरून. सुरुवातीला खरखर सुराच्या आधी मरायची. मग बरोबर मरायला लागली. मग एका सकाळी खरखर आलीच नाही; नुसता सूर आला, स्वच्छ, पांढरी पाच, आणि त्याच्या मागून, सूर गेल्यावरही, मधासारखं काहीतरी रेंगाळत राहिलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

दरम्यान डॉ. मगदूमनं वॉर्डातल्या इतर अकरा पिंजऱ्यांशी मौलासाबांना नेलं होतं. म्हातारा एकेकापुढं वाकून ऐकायचा. लोक आधी संकोचायचे, मग त्या म्हाताऱ्याला दात टेकवता यावेत म्हणून आपणच कुशीवर वळायचे. दोन फुल्या पडल्या. दोन्ही खऱ्या निघाल्या. कंपनीचे लोक आले, यंत्राला गुंजनही ऐकायला शिकवायचं ठरलं, आणि त्यासाठी मौलासाबांना समोर बसवून शेकडो हाडांचे सूर त्यांच्या दातांपर्यंत पोचवण्यात आले. "जमेल का यंत्राला?" कुणीतरी पाटीवर विचारलं. "शिकेल की," ते म्हणाले. "मला वीस वर्षं लागली."

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी कुलूप उघडलं. बारीकसा आवाज झाला, एवढंच. डॉक्टरनं मांडीची पट्टी सोडवून बाजूला ठेवली आणि शमशादनं ती मागून घेतली.

घरी चटई पसरलेली होती. रेहानाच्या खांद्याला धरून ती खाली उतरली, इंच इंच. गुडघे कुरकुरले, उजवी मांडी थरथरली, आणि मग ती बसली. मांडी घालून. जमीन तिला इतकी जवळ आली की तिनं तळहातानं फरशी चाचपून बघितली.

मौलासाब समोर बसले. मांडीपुढं त्यांनी आजच लावलेला तंबोरा होता. त्यांनी तो तिच्याकडं सरकवला.

"घे. घास. माझ्यामागून घासतेसच ना दोन वर्षं."

शमशादचा चेहरा उतरला. "तुम्हाला माहीत होतं?" तिनं ओठांनी विचारलं.

"घोडीवर माझ्या कानशीच्या रेघा मला ओळखू येत नाहीत होय? हात गेला नाही माझा." ते रागावलेले नव्हते. "मला एकच वाईट वाटायचं. तू काय लावतेस ते मला कधी ऐकायला मिळालं नाही. तू एकटीनं लावायला लागलीस आणि माझे कान गेले."

"मग तंबोऱ्याला दात का नाही टेकवले कधी?" रेहानानं पाटीवर लिहून विचारलं.

मौलासाबांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू ती काहीतरी अभद्र बोलली होती. "वाद्याला तोंड लावायचं? उष्टं होतं ते."

शमशाद हसली. मग तिनं मांडीची पट्टी उचलली, नव्वदच्या वर दिवस तिला बसू न देणारी ती हातभर लांबीची पट्टी, आणि तिचं एक टोक पुसून वडिलांच्या हातात दिलं. दुसरं टोक तिनं तंबोऱ्याच्या तबलीवर, घोडीखालच्या लाकडी झाकणावर, टेकवलं.

म्हाताऱ्यानं पट्टीकडं बघितलं, तबलीकडं बघितलं, आणि मान हलवली. "हा नको. हा माझा आहे. तू लावलेला आण."

रेहानानं कोपऱ्यातून एक तंबोरा आणला, शमशादनं पडायच्या आदल्या दिवशी पुरा केलेला. मौलासाबांनी खिशातून खडू काढून हातात घेतला, भोपळा बघायला बसताना घेतात तसा, आणि पट्टी दातांत धरली. शमशादनं तारांवरून बोट फिरवलं. पंचम, जोडीच्या दोन तारा, खरज, पुन्हा पंचम. ती तारा छेडत राहिली आणि वडिलांच्या मिटलेल्या पापण्यांकडं बघत राहिली. शेवटी तिनं बोट थांबवलं. सूर गेला. म्हातारा हलला नाही; सूर गेल्यानंतर काय राहतं ते तो ऐकत होता, आणि ते बराच वेळ राहिलं.

मग त्यांनी डोळे उघडले आणि खडू परत खिशात ठेवला.

"दुसरा आण," ते म्हणाले.